जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० : थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास, नेमकं शोधायचं कसं?

निफाडकर (धागालेखक)

गाडी १९९६ ची मारुती ८००. कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक, पॉइंट-कंडेन्सर (स्पार्कसाठी करंट तोडणारी जुनी यांत्रिक जोडी). आमच्याकडे निफाडला सध्या पहाटे पारा ७-८ अंशांवर येतोय. सकाळी चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला की इंजिन फिरतं जोरात, पण धरत नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारला की एकदोनदा भुर्र करून बंद पडते, मग केव्हातरी धरते. त्यानंतर दोन-तीन मिनिटं एक्सलेटरवर पाय ठेवून बसावं लागतं. एकदा गरम झाली की दिवसभर चावी फिरवताच सुरू, आयडलिंगही छान.

प्लग नवे आहेत. बॅटरी दीड वर्षाची. आता एक जण म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो कॉइल, तिसरा म्हणतो अख्खा कार्ब नवा टाका. अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायचं नाही. घरच्या घरी, मल्टिमीटर आणि साध्या पान्ह्यांवर, कोणत्या क्रमाने तपासत जावं?

टॅपेट_आवाज

पहिली गोष्ट, गॅरेजला चालवत नेऊ नका. संध्याकाळीच तिथे लावून या आणि मेकॅनिकला सांगा की सकाळचा पहिला सेल्फ तुम्हीच मारा. थंड इंजिनचा दोष गरम इंजिनवर दिसत नाही. घरी तपासणार असाल तरी हाच नियम. दिवसाला एकच खरी संधी मिळते, ती वाया घालवू नका.

स्पॅनर१२

"थंडीत स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात, ते आधी वेगळे करा.

एक, सेल्फ मंद फिरतो किंवा नुसता टक् असा आवाज येतो. हा बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फचा सोलेनॉइड किंवा जाड ऑइलचा प्रश्न. दोन, सेल्फ जोरात फिरतो पण एकही सिलिंडर पेटत नाही. इथे स्पार्क तरी नाही, पेट्रोल तरी नाही, किंवा कॉम्प्रेशन तरी नाही. तीन, पेटते आणि बंद पडते. म्हणजे स्पार्क आहे, पेट्रोल पोचतंय, फक्त हवा-पेट्रोलचं प्रमाण चुकतंय. ते कोणत्या बाजूला चुकतंय हे शोधायचं.

तुमचं वर्णन दोन आणि तीनच्या मधलं आहे. त्यात तुम्ही दिलेली एक माहिती फार कामाची आहे: गरम झाल्यावर आयडलिंग छान. म्हणजे स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबलेला नाही, आयडलचा सोलेनॉइड उघडतोय, फ्लोटची (कार्बच्या वाटीतलं पेट्रोल ठरलेल्या पातळीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हलही फार बिघडलेली नाही. हे दोष असते तर गरम इंजिनलाही त्रास झाला असता. अख्खा कार्ब बदलायचं कारण मला तरी दिसत नाही.

उद्या सकाळी एवढंच करा. नेहमीसारखा चोक ओढून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. धरली नाही तर तिथेच थांबा आणि लगेच एक प्लग खोलून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल आहे, पण स्पार्क कमजोर आहे किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालंय. या एका प्लगवर निम्मं निदान होतं.

बारा_व्होल्ट

स्पॅनर१२ यांच्याशी सहमत. पण सेल्फ कानाला जोरात वाटला तरी बॅटरी मोजल्याशिवाय बाद करू नका. सेल्फ फिरताना व्होल्टेज पडतं, आणि त्याच क्षणी कॉइललाही तेवढंच मिळतं. सेल्फ फिरवायला पुरेसं व्होल्टेज स्पार्कला अपुरं पडू शकतं.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी, काहीही चालू न करता: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क वाटणारा भाग) कॅपमधून काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला पक्कं टेकवून बांधा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. ते टोक मोकळं लोंबकळत सोडू नका, कॉइलवर ताण येतो. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. १० च्या वर राहिलं तर उत्तम. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट खातोय.

दुसरी मोजणी बहुतेक जण विसरतात. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर), दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. इंजिन रबर माउंटिंगवर बसतं, त्यामुळे करंट परत येतो तो अर्थिंगच्या पट्टीतून. तीस वर्षांत त्या पट्टीच्या बोल्टखाली गंज आणि ऑइल साठतं. बोल्ट खोला, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून थोडं ग्रीस. नवी बॅटरी घेण्याआधी हे एकदा कराच.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मधे निदान अर्धा मिनिट सोडावा.

गोधडी

रात्री बोनेटवर गोधडी टाका. माणसाला लागते तशी गाडीलाही लागते :)

रत्नागिरीकर

@गोधडी, त्यात तथ्य आहे, कारण मात्र वेगळं. गोधडीने इंजिन पहाटेपर्यंत गरम राहणार नाही, पण दव कमी धरेल. दमट हवेत सकाळी डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत बारीक पाण्याचे थेंब साचतात आणि स्पार्क प्लगकडे जायच्या आधीच त्या ओलीवरून पळतो. आमच्या कोकणात पावसाळ्याचा हा ठरलेला आजार.

तपासणी अगदी सोपी. पहाटे अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारताना कॅप आणि प्लगच्या वायरींकडे बघा. निळसर ठिणग्या किंवा वायरीभोवती चमक दिसली की गळती सापडली. मग कॅप काढून आतली बाजू उजेडात धरा. दोन खुंट्यांमध्ये पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ असेल तर तो कार्बन ट्रॅक. पुसून जात नाही, कॅपच बदलावी लागते. कॅपच्या मध्यभागी स्प्रिंगवर दबणारा छोटा कार्बनचा खडा असतो, तो झिजून आत अडकलेला नाही ना तेही बघा.

स्पॅनर१२

कॅप काढलीच आहे तर पॉइंटही बघा. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेजने, कॅमच्या सर्वांत उंच जागी आणून. एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर कंडेन्सरचा संशय घ्या, नुसता पॉलिश पेपर मारून भागणार नाही. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. नवे प्लगही डब्यातून काढल्यावर मोजूनच बसवावेत. वायरी उलटसुलट झाल्या असतील तर ८०० चा फायरिंग क्रम १-३-२.

स्पार्क बघताना काढलेला प्लग प्लगच्या भोकापासून दूर टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ठिणगी निळी आणि चट्-चट् आवाजाची हवी. पिवळी, बारीक, मुकी ठिणगी उन्हाळ्यात गाडी चालवून घेते आणि थंडीत हात वर करते.

निफाडकर

आज सकाळी मोजलं. रात्रभर उभी: १२.५. सेल्फ फिरताना: १०.३. अर्थिंगची मोजणी आधी ०.५ आली. पट्टी खोलून घासून बसवली, आता ०.१५. सेल्फ अजून जोरात फिरतोय, पण गाडी धरत नाही ती नाहीच. कॅप आतून स्वच्छ, पॉइंट गॅप ०.४५. ठिणगी निळी.

फसलेल्या सेल्फनंतर लगेच प्लग खोलला. जवळजवळ कोरडा.

कार्बवाला

झालं, आता मार्ग मोकळा. स्पार्क ठीक, प्लग कोरडा, थंड इंजिन. म्हणजे थंडीत लागतं तेवढं पेट्रोल आत जात नाहीये.

चोक का लागतो ते आधी, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं आपोआप सुचतं. द्रव पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ७-८ अंशांना पेट्रोलमधला फक्त हलका भाग वाफ होतो, उरलेलं थंड मॅनिफोल्डच्या (कार्बपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींना चिकटून बसतं. त्यात सेल्फवर इंजिन हळू फिरतं, व्हेंचुरीतून (कार्बच्या आतल्या अरुंद गळ्यातून) हवा हळू जाते आणि जेटमधून पेट्रोल नीट ओढलंच जात नाही. शिवाय थंड हवा घट्ट असते, ३० अंशांच्या मानाने ८ अंशांना जवळपास आठ टक्के जास्त. म्हणून चोकची झडप हवेचा रस्ता बंद करते, खाली ओढ वाढते आणि भरपूर पेट्रोल येतं. भरपूरपैकी थोडंच वाफ होतं आणि ते पुरतं.

उद्या पहाटे, सेल्फ मारायच्या आधी, एअर क्लीनरचं झाकण आणि फिल्टर काढा, कार्बचं तोंड दिसेपर्यंत. टॉर्च घ्या. इग्निशन बंद, आसपास विडी-काडी नको.

आधी कुणाला तरी आत बसवून चोकची मूठ पूर्ण ओढायला सांगा. वरची झडप पूर्ण बंद झाली पाहिजे, कडेने जेमतेम एक रेघ दिसेल इतकी. पाव इंच उघडी राहिली तरी चोक असून नसल्यासारखा. मूठ बाहेर येते म्हणजे झडप बंद होते असं मुळीच नाही. केबलचं बाहेरचं आवरण जिथे क्लॅम्पमध्ये धरलेलं असतं तिथून सरकतं, आणि मग आतली तार ओढायच्या ऐवजी आवरणच पुढेमागे होतं.

मग चोक सोडून हाताने थ्रॉटलचा दांडा एकदा झटकन फिरवा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची ठसठशीत पिचकारी उडायला हवी. उडाली तर दोन गोष्टी कळतात: पंप चांगला आहे आणि फ्लोटच्या वाटीत रात्रभर पेट्रोल टिकलंय. नाही उडाली तर वाटी रिकामी असू शकते. मग सेल्फवर एसी पंप (इंजिनच्या फिरण्यावर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप) ती भरत बसतो आणि तुम्हाला वाटतं इंजिन धरत नाही. मधे थांबत, एकूण दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर पुन्हा बघा. आता पिचकारी आली तर वाटी रात्रीत रिकामी होतेय हे नक्की.

आबा_पद्मिनीवाले

पिचकारीचं ठीक आहे, पण थंड गाडी सुरू करताना एक्सलेटरला हात-पाय लावायचाच नाही! चोक पूर्ण ओढा, पाय बाजूला ठेवा, सेल्फ मारा. पंपिंग केलं की गाडी फ्लड झालीच (पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजलेच) म्हणून समजा. प्रीमियर पद्मिनीचा हा पहिला धडा.

कार्बवाला

आबा, पद्मिनीसाठी तुमचं शंभर टक्के बरोबर, ८०० साठी नाही. दोन्ही गाड्यांत मूठ सारखीच असते, आतली रचना निराळी.

पद्मिनीच्या जुन्या सोलेक्स कार्बमध्ये वर झडप नसतेच. त्यात बायस्टार्टर असतो: भोकं असलेली एक चपटी चकती, जी मूठ ओढल्यावर फिरते आणि स्टार्टरचा वेगळा पेट्रोल जेट थ्रॉटलच्या खालच्या बाजूला जोडते. थ्रॉटल बंद असला तरच तिथे ओढ तयार होते. एक्सलेटर दाबला की थ्रॉटल उघडला, ओढ गेली आणि स्टार्टर सर्किट मुकं झालं. म्हणून पाय लावायचा नाही. मूठ अर्धी आत केली की चकतीचं लहान भोक समोर येतं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

८०० मध्ये झडपेचा चोक आहे. ओढ व्हेंचुरीतून तयार होते, त्यामुळे थ्रॉटल किंचित उघडा लागतो. ते काम चोकच्या दांड्याला जोडलेली फास्ट आयडलची कडी करते. सेल्फच्या आधी पेडल एकदा-दोनदा पूर्ण दाबून सोडणं इथे फायद्याचं, कारण पिचकारीचं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये आधीच जातं. दोनदा पुरे, दहादा नको. सेल्फ फिरताना पंपिंग नको, याबाबत मात्र तुमच्याशी सहमत.

आबा_पद्मिनीवाले

हे मान्य. चकती आणि झडप यांतला फरक लक्षात घेतला नव्हता. पद्मिनीवाल्यांसाठी एक भर: मूठ ओढल्यावर चकतीचा दांडा कार्बवरच्या टोकाशी पूर्ण टेकतो का ते बघा. केबल सैल असेल तर चकती अर्ध्यावर राहते आणि नेमकं लहान भोकच समोर येतं. मूठ पूर्ण बाहेर असूनही मिश्रण पातळच.

मळी_ते_इथेनॉल

सगळे चोक-चोक करताय, पण मूळ कारण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इथेनॉल थंडीत वाफ होत नाही. जुन्या गाड्या त्यानेच बिघडल्या.

पेट्रोल_रसायन

अर्धं खरं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्यात पेट्रोलसारखा हलका भाग नसतो, आणि वाफ व्हायला त्याला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणूनच ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची. पण २० टक्के मिश्रणात उरलेलं ८० टक्के पेट्रोल आहे आणि त्याचा हलका भाग जागेवर आहे. निफाडच्या ७-८ अंशांना निव्वळ त्यामुळे गाडी अडू नये.

ई२० चा जुन्या कार्बवर परिणाम होतो तो दोन वाटांनी. पहिली, मिश्रण पातळ होणं. साध्या पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, ई२० ला साधारण १३.५. कार्बचे जेट ठरलेल्या मापाचे, त्यांना हे कळत नाही. म्हणजे आधीच काठावर असलेला चोक आणखी अपुरा पडतो. दुसरी वाट रबराची: जुन्या होज, एसी पंपाचा डायफ्राम, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं रबर फुगतं किंवा कडक होतं. होज बदलताना इथेनॉलला चालणारीच मागा.

आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो, आणि टाकीतून उचल तळातूनच होते. अशा गाडीत कार्बच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

मळी_ते_इथेनॉल

पातळ मिश्रणाचा मुद्दा पटला. म्हणजे दोष चोकचा, ई२० ने तो उघडा पाडला, असं म्हणू.

सँट्रो_संध्याकाळ

चोकच नसलेल्या गाडीचं काय? २००३ ची एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) आहे, लक्षणं हीच.

बारा_व्होल्ट

एमपीएफआयमध्ये चोकचं काम ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) करतो, आणि तो विश्वास ठेवतो कूलंट टेंपरेचर सेन्सरवर. सेन्सरने "इंजिन गरम आहे" असं खोटंच सांगितलं तर जादा पेट्रोल मिळत नाही. सेन्सरचा कनेक्टर काढून सकाळी थंड असताना ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सव्वादोन ते अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास येतं. थंडीत त्याहून जास्त यायला हवं. थंड असतानाच ३००-४०० दिसले तर सेन्सर गेला.

दुसरा संशय टाकीतल्या पंपाच्या चेक व्हॉल्व्हवर. रात्रीत लाइनचं प्रेशर उतरतं. चावी ऑन करून दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐका, ऑफ करा, असं तीनदा, मग सेल्फ. त्याने एकदम सुरू झाली तर प्रेशर उतरतंय. फरक पडला नाही तर आयडल एअर व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडीचा कार्बन साफ करा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे निफाडकरांची गाडी मागे पडेल.

निफाडकर

आज पहाटे झाकण काढून बघितलं. पिचकारी पहिल्याच झटक्याला जोरदार, म्हणजे वाटी भरलेली. आणि चोक? मूठ पूर्ण बाहेर, झडप मात्र एका बाजूने बोट जाईल इतकी उघडी! हाताने ढकलून बंद केली, पेडल दोनदा दाबलं, सेल्फ मारला, दुसऱ्याच सेकंदाला धरली.

आनंद पाच सेकंद टिकला. मागून काळा धूर, गुदमरल्यासारखा आवाज आणि बंद. दुपारी केबलचं आवरण क्लॅम्पमध्ये मागे घेऊन घट्ट केलं, आता मुठीनेच झडप पूर्ण बंद होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लगेच धरते, काळा धूर, बंद. मूठ एकदम अर्धी आत केली तर टिकते.

टॅपेट_आवाज

अभिनंदन, आजार कोरड्याकडून ओल्याकडे गेला. हा सुधारच आहे.

कार्बवाला

काळा धूर म्हणजे आता पेट्रोल जास्त. आणि यातून मला वाटतं केबल आपोआप सरकलेली नाही. कुणीतरी पूर्वी हाच काळा धूर बघून केबल मुद्दाम सैल सोडली असावी. मूळ दोष झाकला गेला आणि थंडीत दुसरा उभा राहिला.

मूळ दोष कुठे ते सांगतो. चोकची झडप दांड्यावर अगदी मधोमध बसवलेली नसते, एक बाजू मोठी असते. मूठ ओढली की झडप स्प्रिंगच्या जोरावर बंद होते, पक्की जखडली जात नाही. इंजिन पेटलं की आत येणारी हवा मोठ्या बाजूला ढकलते, स्प्रिंग दबते आणि झडप आपोआप थोडी उघडते. इंजिनाला श्वास मिळतो. तुमची झडप उघडत नाहीये.

इंजिन बंद, चोक पूर्ण ओढलेला, बोटाने मोठी बाजू हलकेच खाली दाबा. स्प्रिंगचा मऊ विरोध लागून झडप उघडायला हवी आणि बोट काढताच टपकन मिटायला हवी. कचकच लागली, जागेवर अडकली किंवा अजिबात हललीच नाही तर दांड्यावर जुन्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर बसलाय, किंवा स्प्रिंगचं टोक चुकीच्या खाचेत आहे.

थर असेल तर दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचे दोन-तीन फवारे, पाच मिनिटं थांबा, झडप वीस-तीस वेळा उघडझाप करा, पुन्हा फवारा, हवेने फुंकून कोरडं करा. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून महिन्याभरात पुन्हा तेच होतं. झडपेचे छोटे स्क्रू खोलू नका. त्यांची मागची टोकं ठोकून फुगवलेली असतात, तुटून आत पडला तर थेट सिलिंडरमध्ये.

तोवर कधी फ्लड झालीच तर चोक पूर्ण आत, एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरून ठेवा, आणि सात-आठ सेकंद सेल्फ. पंपिंग नाही. जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर निघून जातं.

स्पॅनर१२

हे करून झाल्यावरही पहिली दोन मिनिटं थरथर राहिली तर दोन गोष्टी अजून बघा.

मॅनिफोल्डची हवागळती. व्हॅक्युमच्या होज टोकाला चिरतात. थंड असताना रबर कडक, चीर उघडी. गरम झालं की तीच चीर जवळजवळ मिटते. कार्बच्या बुडाचं आणि मॅनिफोल्डचं गॅस्केटही बघा. साबणाचं पाणी ब्रशने लावलं आणि आयडलिंग बदललं की जागा सापडली. काही जण कार्ब क्लीनर फवारतात, पण एक्झॉस्ट शेजारीच तापलेला असतो, आगीचा धोका कशाला?

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट (क्लिअरन्स). ८०० चं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की ते व्हॉल्व्हपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि क्लिअरन्स वाढतो. म्हणजे थंडीत तो सर्वांत कमी. थंड इंजिनवर साधारण ०.१५ मिमी असायला हवा. टॅपेट घट्ट झाले असतील तर थंडीत व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि गरम झाल्यावर सगळं आलबेल दिसतं. आवाज करणारा टॅपेट सगळ्यांना कळतो, मुका झालेला कुणाला कळत नाही.

बारा_व्होल्ट

ऑइलचाही विचार व्हावा. २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर थंडीपुरतं १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू घ्या. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा. इंजिन खूप झिजलेलं असेल आणि ऑइल खात असेल तर मात्र जाडच बरं.

निफाडकर

झडप बोटाने दाबली, दगडासारखी घट्ट. दांड्याच्या डाव्या टोकाला मधासारखा चिकट पिवळा थर होता. दोन फेऱ्या फवारल्या, आता टपकन मिटते. टॅपेटही मोजले: एक एक्झॉस्ट ०.०८ निघाला, तो ०.१५ ला लावला.

आज पहाटे ७ अंश. पेडल दोनदा, चोक पूर्ण, सेल्फ, दीड-दोन सेकंदांत धरली. धूर नाही, बंद पडली नाही. झाकण काढलेलंच होतं म्हणून बघता आलं: पेटताक्षणी झडप स्वतःहून बोटभर उघडली आणि थरथरत राहिली. बारा_व्होल्ट, स्पॅनर१२, कार्बवाला, आबा, सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका उरली. चोक आत कधी ढकलायचा?

कार्बवाला

घड्याळ लावून नाही, कान देऊन. धरल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी एक तृतीयांश आत. इंजिन भरभरू लागलं, आवाज जड झाला, की आणखी थोडा आत. ढकलल्यावर आचके देऊन मरायला लागली तर किंचित परत ओढा. उभ्याने पाच मिनिटं तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा, पहिला किलोमीटर हळू, आणि टेंपरेचरचा काटा हलायला लागेपर्यंत चोक पूर्ण आत गेलेला असू द्या. जास्त वेळ ओढलेला राहिला तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आत्ताच काढून हुंगा. इतके दिवस पेडल मारून मारून सुरू केलीय, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलून टाका.

निफाडकर

हुंगली. येतोय वास. रविवारी ऑइल आणि फिल्टर, १५डब्ल्यू-४० आणून ठेवलंय.